गेटच्या आतला बाप

आमचं मूळ गाव कराडच्या अलीकडे, पण मी वाढलो चिंचवडला, वडील तिथे एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आणि आमच्या घरात सगळं मोजूनमापून करायची पद्धत, म्हणजे भिंतीला खिळा ठोकायचा तरी आधी पट्टी. तेच माझ्यात आलं. इंजिनिअर झालो, प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये शिरलो, कुठला माल कुठल्या मशीनवर कधी चढवायचा ते ठरवायचं काम, आणि तिशीत इकडे सिंगापूरला आलो. बुकित बातोकला कंपनी, जवळच हा भाड्याचा फ्लॅट, तेव्हापासून हाच. आता कंपनी मशीनं उचलून दुसऱ्या देशात नेतेय, माझा इथे नोकरी करायचा पास संपतोय, या वयात दुसरं कोणी पास काढून देईना, प्रयत्न करून झाले. म्हणजे परत पुणे. नोकरी गेली त्याचं मला फार नाही हो. माझी मुलगी इथे राहणार आहे, सानिका, पंधरा वर्षांची, आणि आमचं बापलेकीचं जे काही आहे ते शनिवारपुरतं आहे. शनिवार संपले की ते उरणार का, एवढंच डोक्यात फिरत असतं.

शुभदा, म्हणजे तिची आई, आणि मी वेगळे झालो तेव्हा सानिका पाच वर्षांची होती. कोणाचं चुकलं ते विचारू नका, दोघं मिळून भांडायचो, शेजारची चिनी आजी भिंतीवर थापट्या मारायची. कोर्टाने मुलगी आईकडे दिली, शनिवार मला. शुभदा बेडोकला राहायला गेली, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पुढे तिने स्वतःच्या नोकरीवर पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, घेतला, मुलीलाही मिळाला, माझा अर्ज दोनदा नाकारला गेला.

तर प्रश्न असा आला की मुलगी द्यायची-घ्यायची कुठे. सुरुवातीला मी तिच्या दाराशी गेलो, दारातच आमची जुंपली, आणि पोर बूट घालून मधे उभी. तेव्हा मी तोडगा काढला. बेडोक स्टेशनला लागूनच बसचं इंटरचेंज आहे. शुभदाने मुलीला बसने तिथपर्यंत आणायचं, मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायचं आणि स्टेशनबाहेर पडायचंच नाही, आतच थांबायचं, मधे ती कार्ड टेकवून उघडणारी गेटं. सानिकाने आपलं कार्ड टेकवून आत यायचं, आम्ही तशीच पुढची गाडी पकडायची. संध्याकाळी याच्या उलट. आई बाहेर, बाप आत, एकमेकांशी बोलायची वेळच येत नाही. शुभदाला मेसेज केला तर ती म्हणाली बरंय, निदान तमाशा तरी नको. आणि काय सांगू तुम्हाला, ही व्यवस्था दहा वर्षांत एकदाही बिघडली नाही. मशीन बिघडतं, माणूस रजेवर जातो, पण हे चाललं.

पहिली वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. टाचा उंच करून कार्ड टेकवायची आणि गेट उघडलं की धावत सुटायची. तिथल्या काउंटरवर एक मलाय गृहस्थ असायचे, मिशा पिकलेल्या, ते मला हाक मारायचे, काय बॉस, आज पण पार्सल कलेक्शन का, आणि ही कमरेवर हात ठेवून त्यांना सांगायची, येस, आय अ‍ॅम द पार्सल. गाडीत आम्ही पाढे म्हणायचो. बे एके बे, बे दुणे चार, ती अशी ठेक्यात म्हणायची की समोरच्या बायका फोन खाली ठेवून ऐकायच्या. मी साबुदाण्याची खिचडी करून न्यायचो, पण गाडीत खायला बंदी, दंड होतो, म्हणून ती डबा मांडीवर धरून बसायची, झाकण जरासं उघडून वास घ्यायची आणि म्हणायची बाबा, वास घेतला तर दंड नाही ना. माझ्या घराजवळ जुरोंगला उतरून आम्ही लायब्ररीबाहेर बाकावर बसून खायचो, मग आत पुस्तकं.

मग ती मोठी झाली. तेराच्या पाढ्यापाशी एकदा आजूबाजूला बघून म्हणाली, बाबा, सॉफ्टली लाह. हे लाह इथलं, वाक्याच्या शेवटी चिकटवतात. मी मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पुढे तिच्या बोलण्यातलं निम्मं मला लागेना, कोण मैत्रीण, कुठला ग्रुप, कशावर हसायचं. मी विचारायचो अभ्यास कसा चाललाय, ती म्हणायची ओके. जेवलीस का, जेवले. शाळेत कोणी त्रास देतं का, नो लाह. मी म्हणायचो अगं जरा दोन वाक्यं बोल, तर म्हणायची, बाबा, यू आस्क लाइक फॉर्म. बरोबरच होतं तिचं.

दोन वर्षांमागे एका शनिवारी ती गेटच्या पलीकडेच थांबली, आत येईना. शुभदा तोवर तिला सोडायला यायची बंद झाली होती, ती एकटीच बसने यायची. पलीकडून म्हणाली बाबा, तू बाहेर ये ना आज. मी म्हटलं का गं, काय झालं. नथिंग, असंच, ये. मी म्हटलं आईला विचारलंस का? म्हणजे माझ्या डोक्यात काय, ठरलेलं मोडलं तर शुभदा पुन्हा काही काढेल, जे सुरळीत चाललंय ते कशाला हलवा. तिच्या मागे लोक खोळंबले, मग ती म्हणाली नेव्हर माइंड, आणि कार्ड टेकवून आत आली. दिवसभर ठीक होती, बर्गर खाल्ला. ती मला कुठे नेणार होती ते मी विचारलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, आठवत नाही.

त्यानंतर ट्यूशन निघाली, शाळेची प्रॅक्टिस निघाली, महिन्यात दोन शनिवार झाले, मग एक. खोटं सांगत नव्हती, इथे मुलांना खरंच श्वास घ्यायला वेळ नसतो. मी तक्रार तरी कोणाकडे करणार?

पासचं पक्कं झालं तेव्हा ठरवलं, हे तिला गाडीत नाही सांगायचं. गेल्या शनिवारी ट्यूशनच्या आधी ती थोडा वेळ भेटणार होती, मी बेडोकला उतरलो आणि कार्ड टेकवून बाहेर पडलो. शुभदा काय म्हणेल याचा विचारसुद्धा मनात आला नाही, आणि काही होणारही नव्हतं, बहुतेक कधीच होणार नव्हतं. चालत इंटरचेंजमध्ये गेलो. किती मोठं आहे हो ते, रांगाच रांगा, वर बसचे नंबर, आणि माझी मुलगी कुठल्या नंबरने येते ते मला माहीत नाही. एका बाईंना विचारलं, कुठून येणारी बस कुठे लागते, त्या म्हणाल्या कुठून ते सांगा. मला ब्लॉकचा नंबर सांगता येईना, शुभदाच्या दाराशी गेलो होतो त्याला दहा वर्षं झाली, मधे त्यांनी घरही बदललं. मग मधेच उभा राहिलो.

ती दोन मैत्रिणींबरोबर उतरली, मोठ्याने हसत, हातवारे करत, इतकं बोलताना मी तिला बघितलंच नव्हतं. मी दिसलो आणि हसणं गेलं. मैत्रिणींना तिथेच सोडून पळत आली आणि मराठीत विचारलं, काय झालं, आजी गेली का? म्हणजे मी बाहेर दिसलो तर कोणीतरी मेलंच असणार. आजी म्हणजे पुण्यातली माझी आई. मी म्हटलं नाही गं, आजी ठणठणीत आहे, मीच चाललोय. तिथल्या खुर्च्यांवर बसून सगळं सांगितलं. तिने नीट ऐकलं. म्हणाली ओह. मग म्हणाली, यू ओके, बाबा? मी म्हटलं ओके. म्हटलं डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला ये, आत्याकडे सगळे जमतील. ती म्हणाली, सी हाऊ. आता सी हाऊ इथे कधी म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको, तोंडावर नाही म्हणवत नाही तेव्हा म्हणतात. मैत्रिणी लांबून बघत होत्या. पाच-दहा मिनिटं बसलो असू, मग मीच म्हटलं जा, ट्यूशनला उशीर होईल.

तिच्या मनात राग नाही, अढी नाही. तसं काही असतं तर बरं झालं असतं, राग काढायला तरी माणूस फोन करतो. तिला मी म्हणजे एक सरळ वागणारा, वेळेवर येणारा माणूस, त्याचं काय करायचं ते तिला कळत नाही, आणि आता मलाही कळत नाही.

पुढच्या शनिवारी तिची परीक्षा आहे, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पहाटे माझं विमान. बेडोकहून विमानतळ तसा जवळ, बसने सहज येता येतं. तरी मीच मेसेज केला, येऊ नकोस, झोप मोडेल. तिचं उत्तर लगेच आलं, ओके बाबा. पोर गुणाची आहे, देव तिचं चांगलं करो, दुसरं मी काय म्हणू.