मोजे न घालणारे आजोबा

आमच्या खुब्याच्या फॉर्ममधली हवा काढली ती सुनंदामावशींनी. मावशी घोडपदेवच्या. परळच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, आमच्याच विभागात त्या साफसफाई करतात.

झालं काय, खुब्याचा त्रास किती ते प्रश्न विचारून मोजणारा एक इंग्रजी फॉर्म आहे, तो आम्ही अरब पेशंटसाठी अरबीत करून घेतला. पहिलेच आले ओमानचे एक आजोबा, काठी टेकत. मी विचारायचं, दुभाषा अन्वरने सांगायचं.

"मोजे घालताना त्रास होतो?"

"नाही."

"बाथटबमध्ये उतरताना?"

"नाही."

फॉर्मप्रमाणे आजोबांचा खुबा माझ्यापेक्षा ठणठणीत. एक्स-रेत मात्र पार झिजलेला. मी वैतागले. "अन्वर, नीट विचारतोयस ना रे?"

"मॅडम, ते मोजे घालतच नाहीत. घरी टबही नाही."

मावशी पोछा थांबवून म्हणाल्या, "त्यांना विचारा ना, खाली बसून जेवता येतं का?"

अन्वरने विचारलं. आजोबा बोलायला लागले ते थांबेचनात. घरचे सगळे खाली एकाच मोठ्या ताटाभोवती बसतात आणि हे वर्षभर कोपऱ्यात, खुर्चीवर एकटे जेवतायत. ऑपरेशन करायचंय ते त्या ताटाशी परत बसायला.

मी तो प्रश्न तिथल्या तिथे पेनने फॉर्मवर लिहिला. म्हटलं, "मावशी, तुम्हाला हे सुचलं कसं?"

त्यांनी परत पोछा मारायला घेतला. "गणपतीत पंगत बसते ना, तेव्हा मला पण खुर्चीच देतात. आणि मोजे मी पण नाय घालत."