दाजींना पुरेपूर हक्क होता

…नाही, पण मी म्हणतो, एवढे हक्क होते तर माणूस गेला कुठे? तुम्हाला सांगतो, आमचे दाजी, आबेलिनो, थोरल्या इर्माताईचे यजमान, बावीस वर्षं अमेरिकेतल्या या डाल्टन गावात लोकांच्या घरांवर छपरं घालतायत, आणि बडबड इतकी की शिडीवरून उतरेपर्यंत दोन गोष्टी सांगून होतात! तर चर्चमध्ये एक वकीलबाई आल्या, लाल कार्डं वाटून गेल्या. म्हणे, इथे राहायचे कागद नसलेल्या माणसालाही या देशाची घटना लागू आहे… दार उघडू नका, न्यायाधीशाची सही मागा, गप्प बसा, वकील मागा. दाजींनी कार्ड पाठ केलं, तामाले खाता खाता आम्हाला म्हणून दाखवलं. हक्क आहे, पुरेपूर हक्क आहे!

आणि खरंच आले हो, इमिग्रेशनवाले. सकाळी सात वाजता, चार जण. दाजी शांत. "कागद दाराखालून सरकवा." कागद आला, दाजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. "ही सही तुमच्याच साहेबांची आहे, न्यायाधीशाची नाही. माफ करा, दार उघडणार नाही." गेले की निमूट! दाजी त्या दिवशी नुसते हवेत.

चौथ्या दिवशी कामावर निघाले आणि कोपऱ्यावर धरले. रस्त्याला कुठलं आलंय दार?

मग दाजी गप्प बसले. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात पाद्र्याला मध्येच तोडलं होतं, तो माणूस सहा तास तोंड मिटून, नावसुद्धा नाही! वकील मागितला, तर समोरचा अगदी गोड आवाजात, "हक्क आहे की तुम्हाला. शोधा." कुठे शोधायचा, भिंतीत? त्याच वकीलबाई धावल्या. त्या लुईझियानाच्या कोठडीत पोचल्या तर दाजींना टेक्सासच्या कोठडीत हलवलेलं. देशाबाहेर काढायचा जुना कुठलासा हुकूम निघाला होता, बाईंनी अर्ज केला, निदान एकदा ऐकून तरी घ्या या माणसाचं. तोही हक्कच, पुरेपूर.

सातव्या आठवड्यात फोन आला. आवाज ओळखू येईना. म्हणाले, "मी सगळं कार्डावर होतं तसंच केलं ना रे? माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, नाही दाजी, तुमचं काही चुकलं नाही.

मंगळवारी विमानात घातले. आता ग्वाटेमालात आईच्या ओट्यावर बसलेत, बावीस वर्षांनी, आणि म्हातारी ओळखत नाही त्यांना. इकडे गुरुवारी ताईच्या घरी पाकीट आलं. अर्ज मंजूर! तुमचं म्हणणं ऐकून घेण्यात येईल, चौदा तारखेला, सकाळी साडेआठ वाजता, स्वतः हजर राहावे… न आल्यास आपल्याला काही म्हणायचे नाही, असे समजण्यात येईल.