राबाला इंग्रजीत काय बोलतात

लिवा तुम्ही ताई, मी बोलते, फक्त एका जागी बसून बोल म्हणू नका, ते मला जमत नाय, गेले पंधरा दिवस तर बिलकूल नाय. मी मधेच उठून त्या देवळाच्या पायरीवर जाणार, वाडीत रेंज तिथंच येते, मेल बघणार आणि परत येऊन बसणार. आई बोलते, गो बाय, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. लागलीच हाय.

माझं नाव मनीषा, वय चोवीस. आमची ही वाडी उमरठच्या वर, गाडीरस्ता संपतो तिथनं चढून यायचं, तुम्ही आलात तशी धापा टाकत. जन्म हितलाच, शाळा चौथीपर्यंत हितं, मंग पोलादपुरात, मंग महाडला कॉलेज, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., आणि आता महाडच्याच एका कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासायची नोकरी. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. दादा मुंबईला. वाडीतली निम्मी पोरं मुंबईला, घराला कुलूप नायतर दारात म्हातारी माणसं. मीच तेवढी राहिले, आणि मलाच सगळ्यांत लांब जायचंय, पार हॉलंडला, मातीचं शिक्षण घ्यायला. माती शिकायला विमानानं कशाला जायला पायजे, असं इथं मला प्रत्येकानं विचारून झालंय, तुम्ही विचारू नका.

काय सांगू तुम्हाला, हे सगळं राबावरनं सुरू झालं. राब म्हणजे, भाताचं रोप टाकायच्या आधी आम्ही ती जागा भाजतो. ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडून आणायच्या, त्या पसरायच्या, वर शेण, पातेरा म्हणजे सुका पाला, वर मातीचा थर, आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचं. बाबा करतात, आजा करायचा, त्याचा बापही करायचा. मी लहानपणी विचारायची, बाबा, का भाजायचं? तर रोप चांगलं येतं म्हणून. का चांगलं येतं? भाजलं म्हणून. मला एवढा राग यायचा ना, अजून येतो. माझ्या प्रश्नाला कुणी असं गोल फिरवलं की मला झोप लागत नाय.

मंग कॉलेजात एक मॅडम बोलल्या की राब वाईट, झाडं जातात, डोंगर बोडका होतो. आता बोडक्या डोंगराची माती खाली येते हे आम्हाला पोलादपूरवाल्यांना कुणी शिकवायला नको. मी घरी येऊन तावातावानं सांगितलं. बाबा बोलले, तुमच्या मॅडमना लावणीला बोलव. बस, एवढंच, आणि उठून गेले गोठ्यात.

पण मीही त्यांचीच पोर. गेल्या साली हट्ट करून एक कोपरा न भाजता ठेवायला लावला, खाटल्याएवढा. काय झालं सांगू, गवत माजलं आणि माती अशी घट्ट बसली की रोप उपटायला गेलं तर मुळं तुटायची. बाबांनी तो कोपरा मला करूच दिला नाय, स्वतः उपटला, हात सोलले बोटांच्या पेरांवर, आणि एका शब्दानं मला बोलले नाय. बोलले असते तर बरं झालं असतं. मंग मी आमच्या लॅबच्या साहेबांना विचारून सुट्टीच्या दिवशी दोन्ही जागांची माती तपासली, जेवढं आमच्या सामानात जमतं तेवढं. राखेचं कळलं, पोटॅश कळलं, पण भाजलेली माती भुसभुशीत का होते, आणि फांद्या न तोडता तशी करता येईल काय, ते नाय कळलं. तेवढ्यासाठी मला जायचंय. झाड पण राहायला पायजे आणि हात पण. दुसरं काय नाय माझं ध्येय.

आता त्यांच्या फॉर्ममध्ये एक पान लिवायचं होतं, तुमची पार्श्वभूमी काय, तुम्हाला काय करायचंय. मला इंग्रजी पाण्याच्या रिपोर्टापुरतं येतं, मनातलं लिवायचं तर मराठीच. दादाचा एक मित्र दादरला असली कामं करतो. तो पहिलं बोलला, गरिबी लिहू या, कंदिलाखाली अभ्यास केला असं लिहू. मी बोलले, आमच्याकडं लाईट हाय, आणि माझ्या बाबांना बिचारं करायचं नाय. मंग मी मराठीत लिवून दिलं, आमच्या घरात चार पिढ्या राब करतात, मला राबाचा अभ्यास करायचाय. शेवटच्या दिवशी त्यानं इंग्रजी करून पाठवलं. मी एसटीत उभी, एका हाती दांडा, वरचं वाचलं, खालचं वाचलं, बोलले पाठव. ही माझी चूक, त्याची नाय. तो मुंबईत वाढलेला पोरगा, त्यानं राब कधी बघितलाय? त्याला वाटलं राब म्हणजे राबणं.

पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी चार वाजता, इंटरव्ह्यू. मी रजा टाकून पायरीवर, आई बाजूला बसलेली. स्क्रीनवर तिकडची मॅडम आली आणि बोलली, हाय. तर आई लगेच, हाय हाय, हितंच हाय. मॅडम हसली, मी पण हसले, वाटलं जमलं. मंग ती एकदम जपून विचारते, तुम्ही लिहिलंय तुमच्या घरात चार पिढ्या हार्ड लेबर करतात, ही शिक्षा कशाबद्दल होती? हार्ड लेबर म्हणजे सक्तमजुरी हो ताई, जेलातली. माझ्या आज्या-पणज्याला मी कागदावर खडी फोडायला बसवलेलं.

कान तापले माझे. फोन कट करून टाकावा असं वाटलं, खरंच सांगते. पण राबाची जागा देवळाच्या खालीच, आणि बाबा नेमके तिथं फांद्यांवर माती टाकत होते. मी बोलले, जेल नाय मॅडम, थांबा, दाखवते, आणि फोन तिकडं फिरवला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, कोपऱ्याचं पण सांगितलं. तिनं विचारलं, ह्याला शब्द काय? मी बोलले, तुमच्याकडं नाय, राबच लिवा. तिनं लिवलं. मंग बोलली, वडिलांना विचारा, हे बंद करा म्हटलं तर करतील काय. मी हाक मारली, बाबा हात झटकत वर आले, फोनकडं बघून नाय, माझ्याकडं बघून बोलले.

‘‘हिला सांग, हात न सोलता जमत असेल तर उद्या बंद करतो.’’

मी तसंच्या तसं सांगितलं. मॅडमनं ते पण लिवून घेतलं, मंग बोलली, तीन आठवड्यांत कळवू. फी माफ झाली तरच जाणं, नायतर नाय, तेही त्याच मेलमध्ये येणार.

आता खरं सांगायचं ते हे. चार दिवसांनी राब भाजला, तेव्हा मी ड्युटीवर. संध्याकाळी आले तर सगळी जागा काळी आणि एक कोपरा तसाच, कोरा. गेल्या साली खाटल्याएवढा होता, आता पाव जागा हाय बघा. मी बोलले, बाबा, हे राहिलं काय?

‘‘राहिलं नाय, ठेवलंय. तू शिकून येशील तवा सुरुवात कुठनं करशील?’’

या साली लावणीला मी असेन, या वेळी तो कोपरा मी उपटीन, कुणाचं ऐकणार नाय. पण पुढची दोन सालं मी तिकडं असले तर? बाबा कोपरा ठेवणार, मी ओळखते त्यांना, आणि एकटे बसून उपटणार, आणि फोनवर मला सांगणार नाय. आणि मेल नायच आला तरी ठेवणार. मला दोन्हीकडनं बसू देत नाय तो कोपरा.

देव त्या मॅडमचं भलं करो, फक्त जरा लवकर करो, आणि बाबांचे हात धड ठेवो. तुम्ही लिवताना राबाला राबच लिवा, ताई. मी जरा पायरीवर जाऊन येते.