कपाटाचं उजवं

हॅलो? … हो, ताईच बोलतेय. अगं ऐक ना, माझा रजावाढीचा अर्ज पोचला का साहेबांकडे? … दिलास? बरं झालं बाई. जीव टांगणीला लागला होता. सोमवारी इथे तोंडी परीक्षा झाली की पदवी हातात…

काय म्हणाले साहेब? … 'पुढच्या वाटचालीला शुभेच्छा'? रजेला कोण शुभेच्छा देतं?

थांब. कुठलं पाकीट दिलंस? … हो, उजवीकडचंच म्हणाले होते… तुझ्या उजवीकडचं? अगं, कपाटाच्या उजवीकडचं! … कपाट तुझ्याकडे तोंड करून उभंय ना, मग त्याचं उजवं तुझ्या डाव्या हाताला…

हो, हो, शहाणी माणसं असं बोलत नाहीत. जहाजावर बोलतात. तुम्ही कुठेही तोंड करा, उजवं म्हणजे जहाजाचं उजवं. नऊ वर्षं बोटीवर काढली, तोंडात बसलंय. कॉलेजात पोरांकडून पहिल्याच तासाला हेच घोकून घेते मी…

अगं, तू माझा राजीनामा दिलास. … मागं रजा नाकारली होती ना, तेव्हा रागाच्या भरात लिहिलेला. फाडायचा राहिला. … नाही गं, तुझा काय दोष? रडू नकोस. पळ, सही व्हायच्या आत… झाली? … मग त्यांनाच फोन दे. मीटिंग असू दे, दे तू.

सर, नमस्कार. … हो सर, सही माझीच. पण पाकीट चुकलं… हसा सर, हसण्यासारखंच आहे. पण मला परत यायचंय. नुसत्या नोट्स उतरवून द्यायला नाही… इथे सिम्युलेटरवर पोरांना मुद्दाम जहाज आपटू देतात, मग कुठे चुकलं ते त्यांच्याच तोंडून काढून घेतात. मला तसं शिकवायचंय, आपल्याकडे. पाया पडते सर, तेवढं पत्र…

परत देता? सर, उपकार झाले… अट? … सोमवारी हजर? सोमवारीच परीक्षा आहे सर. दोन दिवस फक्त… एक दिवस? … पदवी नसली तरी तुम्हाला चालेल. हो, ऐकतेय.

… मग राहू द्या ते पत्र तुमच्याकडेच, सर. … हो, शुद्धीवर आहे. … भीती वाटतेय ना. पण राहू द्या.

हॅलो… अगं तू? ऐकलंस ना सगळं? … पुढं काय ते मला तरी कुठे माहितेय? … नको, आईला मीच सांगते. काय सांगू, तेच सुचत नाहीये…

ठेवते गं. अभ्यास राहिलाय.