न ऐकलेल्या संकेताबाबत पुरवणी जबाब

नाव व पत्ता माझ्या पहिल्या जबाबात नमूद केल्याप्रमाणे. वय ५३ वर्षे, व्यवसाय दंतवैद्यक, खासगी वैमानिकाचा परवाना धारण करणारा. उजवा पाय प्लॅस्टरमध्ये असल्याने बसून जबाब देत आहे.

मी कोणी बोलावल्यावरून नव्हे, तर आपण होऊन समक्ष हजर राहून सांगतो की, गेल्या महिन्याच्या नऊ तारखेस आमचे चार आसनी विमान डोंगरावर आदळून माझा मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, वय ४४, मरण पावला. त्याबाबत रुग्णालयात नोंदविलेल्या पहिल्या जबाबात मी दोन विधाने केली होती. एक, रेडिओ केंद्राचा संकेत मी ऐकला होता. दोन, मेहुणा जागच्या जागी गतप्राण झाला. दोन्ही विधाने असत्य आहेत.

विमान आम्हा दोघांच्या सामाईक मालकीचे होते. मेहुण्याचा छापखाना होता. घरात सर्व जण त्यास 'कप्तान' म्हणत. ही पदवी मीच दीक्षान्त भाषणासह प्रदान केली होती.

ढगात शिरल्यावर बाहेरचे काहीही दृग्गोचर होत नाही. (अधिकाऱ्यांनी "दिसत नाही म्हणा ना, डॉक्टर" अशी सूचना केली. दिसत नाही.) अशा वेळी केवळ उपकरणांवर विसंबावे लागते. जमिनीवरील रेडिओ केंद्राची फ्रीक्वेन्सी लावली की एक सुई त्या केंद्राची दिशा दाखविते. परंतु भलतेच केंद्र लावले तरी ती सुई तितक्याच निष्ठेने तिकडे वळते. म्हणून प्रत्येक केंद्र आपली ओळख लांब-आखूड टिकटिकीने सतत प्रक्षेपित करीत असते. ती ऐकून नकाशावरील खुणांशी ताडून पाहावी, असा नियम आहे. आमच्यात वाटणी अशी होती की, चालविणाऱ्याने फ्रीक्वेन्सी लावायची व शेजारच्याने टिकटिक ऐकून "परिचय सिद्ध" असे म्हणायचे. 'ओळख पटली' एवढे पुरेसे होते. परंतु साध्या शब्दांनी मला अपचन होते.

घटनेच्या दिवशी सकाळी ९.४० वाजता आम्ही उड्डाण केले. मेहुणा चालवीत होता. १०.१५ वाजता ढगात प्रवेश केला. १०.२२ च्या सुमारास त्याने उतरावयाच्या विमानतळाच्या केंद्राची फ्रीक्वेन्सी लावली. ११३.४ ऐवजी ११४.३ लागली, हे पुढे मोडक्या रेडिओवरून निष्पन्न झाले. ११४.३ चे केंद्र डोंगरपट्ट्यातील पठारावर आहे.

त्या वेळी मी एका रुग्णाचा किस्सा सांगत होतो. सदर रुग्णाने स्वतःची समजून व्याह्यांची कवळी तोंडात बसविली होती व ती टोचते म्हणून तो माझ्याशी भांडावयास आला होता. किस्सा ऐन रंगात आला असता टिकटिक सुरू झाली. रसभंग होऊ लागल्याने मी आवाजाचे बटण खाली फिरविले, "परिचय सिद्ध" असे उच्चारले व किस्सा पुढे चालू ठेवला. टिकटिक माझ्या कानांवर पडली. ती मी ऐकली नाही.

मेहुणा मध्येच म्हणाला, "भावजी, दिशा अकरा अंशांनी वेगळी येतेय."

मी म्हणालो, "पवनदेवांची लहर आहे, कप्तान. चालू दे."

"असेल वारा," असे तो म्हणाला.

१०.३६ वाजता सुई उलटली, म्हणजे केंद्र ओलांडले गेले. मेहुण्याने ठरलेल्या पद्धतीने विमान खाली आणण्यास सुरुवात केली. नियंत्रण कक्षाकडे रडार नसल्याने आम्ही सांगितलेले स्थान त्यांनी खरे मानले. १०.३९ वाजता समोर झाडे दिसली.

मी शुद्धीवर आलो तेव्हा १०.५५ झाले होते. मेहुणा आसनात अडकलेला होता व बोलत होता. बोलणे खालीलप्रमाणे झाले.

"भावजी, पाय गेला वाटतं तुमचा."

"मोडलाय नुसता. तुझं बोल."

"मला आहेत की नाहीत तेच कळत नाहीये. त्या कवळीवाल्याचं पुढे काय झालं?"

मी उर्वरित किस्सा सांगितला. तो हसला. हसताना त्यास त्रास झाला.

काही वेळाने त्याने विचारले, "टिकटिक ऐकली होतीत ना?"

"ऐकली होती," असे मी सांगितले.

"मग मीच सुई वाचायला चुकलो. ताईला सांगा, चूक माझी. नाहीतर ती तुम्हाला धारेवर धरेल."

"सांगतो," असे मी म्हणालो. ११.५० नंतर तो बोलला नाही.

मेहुण्यास असत्य का सांगितले, असे मला विचारण्यात आले. मरणाऱ्या माणसास धीर यावा म्हणून, हे उत्तर शोभून दिसले असते. वस्तुस्थिती अशी की, तो वाचणार हे मी गृहीत धरले होते, आणि वाचल्यावर चारचौघांत तो माझी जी शोभा करील तिची मला धास्ती वाटली.

चूक मेहुण्याची होती, एवढेच मी त्याच संध्याकाळी पत्नीस सांगितले; तो नंतर बोलत होता हे लपविले, कारण मग त्याने काय विचारले तेही सांगावे लागले असते. तेव्हापासून तिने त्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात पालथा ठेवला आहे. "स्वतः गेला ते गेला, माझ्या नवऱ्यालाही घेऊन चालला होता," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगते. मेहुण्याच्या पत्नीशी तिने बोलणे टाकले आहे. मेहुण्याची पत्नी दोनदा आमच्या दारात येऊन परत गेली. मी दोन्ही वेळा आतल्या खोलीत जागा होतो.

गाडीचा इंडिकेटर लागला की मी लांब किती, आखूड किती, असे मोजू लागतो. दवाखान्यात नळ गळू लागला तरी तेच होते. याचा तपासाशी संबंध नाही, हे मला मान्य आहे.

जबाब मला वाचून दाखविण्यात आला. पत्नी बाहेर बाकावर बसली होती. हे सर्व तिला घरी सांगणे मला जमणार नाही, सबब तिला आत बोलावून तिच्यासमक्ष तो पुन्हा वाचावा, अशी मी विनंती केली. तसे करण्यात आले.

ऐकून झाल्यावर तिने विचारले, "पंचावन्न मिनिटं होता तो?"

मी "हो" म्हणालो.

तिने टेबलावरील फोन वापरण्याची परवानगी घेतली व मेहुण्याच्या पत्नीस कळविले, "मी येतेय तुझ्याकडे. आत्ताच. हो, राहायला." त्यानंतर तिने कुबड्या उचलून माझ्या हाताशी ठेवल्या व ती निघून गेली.

दोन्ही वेळा वाचलेला मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे. त्यातील एकही शब्द मला कमी करावयाचा नाही.