दाट चहा

मुलगी : नाही, अजून पातळ आहे. चमचा तिरका कर बघू. बघ, लगेच घसरला. चमच्यावरून असा घसरतो तर यांच्या घशातही तसाच घसरणार, आणि नको त्या वाटेनं जाणार.

आई : अगं, पण किती घालायची ती पावडर? याला चहा म्हणायचं तरी कसं?

बाबा : खळ.

आई : घ्या! सकाळपासून तोंडातून अक्षर नाही आणि आता बोलले.

बाबा : खळच. जन्मभर... खळ लावून... पुस्तकं बांधली. आता मलाच... पाजा.

मुलगी : बाबा, तोंडात असताना बोलायचं नाही. आधी गिळा. हनुवटी खाली. हां, आता पुन्हा एकदा, नुसतंच. आई, तू बघतेयस ना? घोट उतरला की कंठ वर जाऊन खाली येतो. तो आल्याशिवाय पुढचा चमचा नाही.

आई : दिसतंय. आंधळी नाही झाले अजून.

मुलगी : आणि भरवून झालं की लगेच आडवं करायचं नाही. उशा तशाच राहू देत. औषधं मी त्यांच्या पुस्तकं दाबायच्या यंत्रावर मांडून ठेवलीत, सकाळची डावीकडे.

आई : अगं हो! पाच वेळा सांगून झालं. तुझी ती बॅग आधी दारातून हलव. येता-जाता ठेच लागते.

मुलगी : उद्या जाईलच ती. आणि मीही.

आई : तेच मला कळत नाही. लोकांच्या पोरी घरातल्या दुखण्यापासून दूर पळतात, तू विकतचं दुखणं घ्यायला निघालीस. बापाचं हागणंमुतणं काढलंस ते कमी पडलं? घरचं झालं थोडं, म्हणून आता गावाचं काढणार?

मुलगी : त्यांच्यासमोर असं बोलू नकोस गं.

बाबा : बोलू दे. खरंय.

आई : आणि वय काय तुझं! त्या नर्सिंगच्या वर्गात सगळ्या कोवळ्या पोरी असतील. काकू म्हणतील तुला.

मुलगी : म्हणू देत. ओ देईन.

आई : बोलायला काही कमी नाही. इथे घरी बसून करत होतीस ना सगळं? अख्खी गल्ली म्हणते, पोरगी अगदी नर्ससारखी करते बापाचं.

मुलगी : गल्लीला काय जातंय म्हणायला. त्या दिवशी गल्ली नव्हती इथे.

आई : काढलंस? काढणार हे ठाऊकच होतं मला.

मुलगी : मी तुला बोल लावत नाहीये.

आई : मग काय करतेयस? दिला मी चहा, साधा चहा दिला. बशीत ओतून, एवढासाच. तू बाजारात गेली होतीस. माझ्या कपाकडे असे बघत होते, लहान पोर बघतं ना तसे. या माणसानं दिवसभर उभं राहून काम केलं, आणि त्याला आयुष्यात दुसरा शौक नव्हता गं, फक्त चहा. माझा हात पुढे गेला. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं, माहीत होतं. तरी गेला.

मुलगी : आई, पुढचं ऐक. मी दार उघडलं तर हे खोकतायत. तोंड काळंनिळं. मी काय केलं?

आई : पाठ चोळलीस.

मुलगी : आणि?

आई : पाणी दिलंस.

मुलगी : पाणी पाजलं! वरून आणखी पाणी! का, तर ठसका लागला की पाणी द्यायचं असतं, लहानपणापासून तेच बघितलंय. इतकी वर्षं यांना पुसते, कूस बदलते, भरवते, आणि वेळ आली तेव्हा बुडत्या माणसाच्या तोंडात मी पाणी ओतलं. तू एक बशी दिलीस, मी पेला दिला.

आई : तुला कोणी काही म्हणालं का?

मुलगी : कोणीच नाही म्हणालं, तेच तर वाईट. त्या वॉर्डातली सिस्टर आठवते? ठेंगणी, चष्मा होता. तिनं नळी घातली, छातीतलं सगळं ओढून काढलं. बाटलीत चहाचा रंग दिसत होता मला. नळी घालायच्या आधी ती यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, ‘आजोबा, आता त्रास होईल, पण मी कुठे जात नाही.’ हात जरासुद्धा कापले नाहीत तिचे. मी कोपऱ्यात उभी होते, पिशवी धरून. मला तिचे हात हवेत, आई. प्रेम आपल्याकडे होतं की भरपूर! काय कामाचं निघालं?

आई : तुझे चांगले हात मग लोकांना. आणि यांना काय, माझे?

मुलगी : आई...

आई : नाही, बोल ना. इतका वेळ मला चमचा तिरका करायला लावतेस, कंठ बघायला लावतेस. मनात काय आहे ते बोल. म्हातारी पुन्हा देणार, असंच ना?

मुलगी : हो.

आई : बघा! ऐकलंत?

मुलगी : हो, तसंच वाटतं मला. तुला त्यांचं तोंड बघवत नाही. मी घटकाभर बाजारात गेले तेवढ्यात तू दिलास, मी इथे नसताना देणार नाहीस कशावरून? मी तिकडे बाकावर बसून, रुग्णाला कसं भरवावं, ते वहीत उतरवत असेन, आणि इथे... जाऊ दे. नाही जात मी. कळवून टाकते कॉलेजला. पुढच्या वर्षी बघू.

बाबा : जा.

मुलगी : बाबा, तुम्ही शांत पडा.

बाबा : पुढच्या वर्षी... मी असलो तर... हेच म्हणशील. नसलो तर... आईचं करशील. जा.

आई : काहीतरी अभद्र बोलू नका तुम्ही.

बाबा : खरं... बोलतोय. अगं.

आई : काय? उशी हवी?

बाबा : तुझा... चहा.

आई : काय म्हणता?

बाबा : कपातला. गार होतोय. एक घोट... दे. खरा.

मुलगी : बाबा, नाही हं. तो—

आई : तू थांब. त्यांनी मला विचारलंय.

बाबा : एकच. चव... विसरलो.

आई : नाही.

बाबा : बोट... बुडवून दे. जिभेला.

आई : नाही म्हटलं ना.

बाबा : तू... नाही म्हणतेस?

आई : मी म्हणतेय. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुम्ही मागितलंत आणि मी दिलं नाही, असं झालंय कधी? आज झालं. उद्याही होणार. रोज मागा, रोज नाहीच म्हणणार.

(आई उठून आपला भरलेला कप मोरीत ओतते.)

बाबा : ओतलास?

आई : ओतला. आजपासून या घरात साधा चहा होणार नाही. माझाही नाही. कप समोर दिसला की तुम्ही मागणार, आणि माझा स्वतःवर काडीचा भरवसा नाही.

मुलगी : आई, तू कशाला सोडतेस? तू स्वयंपाकघरात जाऊन—

आई : दाराआड उभं राहून चोरासारखा पिऊ? नाही उतरायचा घशाखाली. आणि बोल आता, बसतो का माझ्यावर विश्वास?

मुलगी : बसतो.

आई : मग कोणाला काही कळवायचं नाही. जा, शाल राहिलीय तुझी वाळत, ती बॅगेत घाल.

बाबा : दुष्ट... आहेस.

आई : आहे. शिव्या द्या हव्या तेवढ्या.

मुलगी : आई, ते रडतायत गं. डोळे पूस त्यांचे.

आई : पुसते मी. तू इकडे बघू नकोस. बघितलंस तर उद्या तुझा पाय निघायचा नाही.