तराजूछाप नाणं

हळू बोला, बाबूराव मास्तर, हळू! आत आमचे हे पडल्यात अन् ह्यांचे कान लई तिखट — बेंबळीत कुणी कुठं शिंकलं की ऐकू येतं, म्या पाणी मागितलं की तेवढं न्हाय. तर काय म्हणालात? खरं हाय? भिंग लावून पुन्हा बघा की. कुठलं — मोंबासाचं? आफ्रिकेतलं, इंग्रजाच्या कंपनीचं? अन् असली परमुलखाची नाणी हुडकत तुमी उस्मानाबादहून सायकल मारत आलात? घरात बोलणारं कुणी न्हाय वाटतं!

म्या आपली समजले निजामाचं. एका अंगाला तराजू, भवती उर्दूवाणी अक्षरं — मग दुसरं काय समजायचं? हे मुंबईच्या गोदीत राबून आले, पहिल्या पाडव्याला म्या ओवाळलं, तवा ताटात टाकलं. म्हणाले, दर्यापारचं हाय, जप. जपलं की! पण निजामाचं चलन, हाली शिक्का, बंद व्हायला लागला, सगळे बदलून घ्यायला सरकारी खजिन्यावर पळाले, तशी म्याबी हे घेऊन रांगेत. कारकून म्हणाला, चालत न्हाय. अन् म्या आडावर येऊन सांगितलं — खोटं हाय! बायका हसल्या, मग गाव हसलं. तवापासनं पोरंसोरंबी ह्यांना 'खोटं नाणं' म्हणत्यात. कारकून 'खोटं' म्हणालाच नव्हता, मास्तर. त्यो नुसतं 'चालत न्हाय' म्हणाला. खोटं ह्यो शब्द माझा.

हे? गावासंगं हेबी हसले. पण त्या सालापासनं पाडव्याची ओवाळणी ताटात पडत न्हाय — फडताळात ठेवत्यात, म्हणत्यात, घे तिथनं.

म्हणून म्हणते, घेऊन जावा हे. पंचवीस म्हणालात, दहा द्या — पण खरं हाय म्हणून गावात बोलू नगा, ह्यांना कळलं तर छाती काढून हिंडतील, मग माझं — हसताय काय? बरं, सांगते. 'चुकलं' म्हणायला तोंड उघडत न्हाय माझं. आठ वर्सं झाली. लई वाईट वाटतं हो, पण उघडत न्हाय.

माझ्या मागं काय बघताय? …अगं बाई! कवापासनं उभं हायसा दारात? ऐकलं ते ऐकलं, आता पुन्हा म्हणायला लावू नगा. मास्तर, ते नाणं ह्यांच्या हातात द्या. — अन् तुमी बसा पाटावर. पाडवा नसला म्हणून काय झालं, ताट आणते.

मास्तर, तुमी निघा आता. सायकल दाराशीच हाय.